हिरवा राहिलेला ट्रे

११ ऑगस्ट

आजपासून मी अध्यक्ष. कुलगुरूंनी स्वतः बोलावून, दार लावून, चहा मागवून सांगितलं. समितीचं नाव इतकं लांबलचक आहे की पाटीवर मावणार नाही. जीवशास्त्रातल्या ज्या संशोधनाचा कुणी दुरुपयोग करू शकेल, त्यावर विद्यापीठातर्फे देखरेख ठेवायची, असं काम. संध्याकाळपर्यंत इमारतभर तिचं 'धोका समिती' होऊन गेलं होतं. होऊ दे. नेच्यांची पानं भिंगाखाली बघण्यात माझी उभी हयात गेली. नेच्यांच्या अभ्यासकाला कुणी घाबरत नाही. आता निदान जिन्यात वाट तरी देतील.

खोली मिळाली ती मोडक्या खुर्च्या टाकायची. खुर्च्या हलवल्या, त्यातली एक बरी होती ती ठेवून घेतली.

कामाची पद्धत मात्र मला मनापासून आवडली. आम्ही कुणाच्या प्रयोगशाळेत डोकवायचं नाही. आपल्या कामातून कुणाचं नुकसान करता येईल का, हे संशोधकानं आपण होऊन सांगायचं. 'हो' म्हणाला तर प्रकरण समितीपुढे येणार. 'नाही' म्हणाला तर विषय तिथंच संपला. विद्वानांना शोभेल अशी सभ्य पद्धत आहे.

घरी सांगितलं तर ही म्हणते, "म्हणजे चोरानं स्वतःच चौकीत जायचं?" हिला प्रशासनातलं काही कळत नाही.

२५ ऑगस्ट

पहिली बैठक. मी, कायदा विभागातल्या वकीलबाई आणि बाहेरचे सदस्य म्हणून एक निवृत्त पशुवैद्य. वकीलबाईंचं बोलणं म्हणजे कलम आणि पोटकलम. पशुवैद्यांना चहा येईपर्यंत डुलकी लागली होती.

सगळ्या प्रयोगशाळांची उत्तरं आली. सगळी 'नाही'. सर्वांत आधी आलं ते सरकारांचं. तिसऱ्या मजल्यावरच्या या प्राध्यापकांना सगळे सरकारच म्हणतात, कारण इमारतीतली लिफ्टसुद्धा त्यांच्या मर्जीनं चालते. पिकांच्या रोगांवर एवढं मोठं काम दुसऱ्या कुणाचं नाही. एवढ्या कामाच्या माणसानं पहिल्याच दिवशी उत्तर पाठवावं! याला म्हणतात शिस्त.

सगळं 'नाही' असल्यामुळे बैठक चहाबरोबरच आटोपली.

२ सप्टेंबर

कुलगुरूंनी पुन्हा बोलावलं. डिसेंबरात अनुदान देणाऱ्या मंडळाची माणसं तपासणीला येणार आहेत. म्हणाले, "समिती आहे, पण तिच्यापुढे एकही प्रकरण नाही, हे कसं दिसतं? भिंतीवर टांगलेल्या चित्रासारखं. एखादं तरी प्रकरण दाखवता आलं पाहिजे. फार मोठं नको. नीट हाताळलं, एवढं दिसलं म्हणजे झालं."

मला पटलं. पण प्रकरण आणायचं कुठून? धोका काही दुकानात मिळत नाही.

९ सप्टेंबर

आज टाचणी घरी आली होती. टाचणी म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. खरं म्हणजे तिचे मार्गदर्शक परदेशी गेले आणि जाताना तिला कागदोपत्री माझ्या नावावर करून गेले. अंगानं काडी आणि प्रश्न टोकदार, म्हणून टाचणी. हिचा तिच्यावर फार जीव आहे. पोरगी आली की ही स्वयंपाकघरातून बाहेरच पडत नाही.

टाचणीचं काम गव्हाच्या तांबेऱ्यावर. तांबेरा म्हणजे पानांवर गंजासारखी तांबूस पूड उठवणारी बुरशी. ती पूड वाऱ्यानं उडते आणि शेतंच्या शेतं खाते. कुठला गहू तांबेऱ्याला पुरून उरतो, हे टाचणी ग्रीनहाऊसमध्ये ट्रे लावून बघते. त्यासाठी तिनं सरकारांच्या सहायिकेकडून पुडीचा एक नमुना मागून आणला. ना चिठ्ठी ना चपाटी. इमारतीत अशी उसनवारी रोज चालते, शेजारणी वाटीभर साखर नेतात तशी.

"सर, त्या नमुन्यानं सगळं आडवं केलं," टाचणी म्हणाली. "ज्या जातींना तांबेरा होतच नाही म्हणून आपण शिकवतो ना, त्यासुद्धा गेल्या. असला तांबेरा मी बघितलेला नाही. हा बाहेर सुटला, किंवा कुणी मुद्दाम सोडला, तर काही उरणार नाही. वर ते काय करतायत, मला भीती वाटते."

मग एकदम तिचा चेहरा उजळला. "पण एक ट्रे हिरवा राहिलाय, सर! एकच. कुणी लावत नाही असा जुना गहू होता, एका शेतकरी आजोबांनी दिलेला, मी आपला उगाच पेरला होता. त्यावर ठिपका नाही. रोज सकाळी आधी तोच जाऊन बघते."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हटलं, "अगं, मग समितीला कळव. याचसाठी तर समिती आहे."

ती चहाच्या कपाशी चाळा करत बसली. "मार्चमध्ये प्रबंध द्यायचाय, सर. गहू संशोधन संस्थेत जागा ठरलीय, प्रबंध दिला की रुजू व्हायचं. मध्येच काही अडकलं तर माझं सगळंच जाईल."

"तुझा माझ्यावर विश्वास आहे की नाही?" मी विचारलं. "अध्यक्ष कोण आहे? तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही. उलट तुझं नाव होईल."

"तुम्ही म्हणताय तर कळवते," ती म्हणाली.

ती गेल्यावर ही कप विसळता विसळता म्हणाली, "अहो, हे तुम्ही तिच्या भल्यासाठी सांगितलंत, की समितीच्या?" मला राग आला. दोन्ही एकच आहे, हे हिला कसं समजावणार?

१२ सप्टेंबर

टाचणीनं कळवलं. विद्यापीठातलं पहिलं 'हो'. कुलगुरूंनी माझ्या पाठीवर थाप मारली.

२० सप्टेंबर

बैठक. वकीलबाईंनी सुरुवातीलाच हरकत घेतली. अध्यक्षच मार्गदर्शक कसे? मी तिथल्या तिथं टाचणीच्या मार्गदर्शकपदाचा राजीनामा दिला. वकीलबाईंची मान डोलली. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हा. टाचणी माझ्याकडे बघत राहिली. तिलाही कौतुक वाटलं असावं.

तांबेऱ्यातलं कळणारा जाणकार हवा म्हणून सरकारांना बोलावलं. ते आले, खुर्ची उलटी करून बसले. "काय अध्यक्ष महाराज, कुणाला फासावर चढवताय?" सगळे हसलो. मग गंभीर होऊन त्यांनी सांगितलं की असला नमुना त्यांच्याकडे नव्हता आणि नाही. मुलीकडूनच काहीतरी सरमिसळ झाली असणार. नवशिक्यांचं होतं असं.

टाचणी उसळली. "सर, तुमच्याच फ्रीजरमधून आणलाय. तुमच्या सहायिकेनं काढून दिला. तुमच्या प्रयोगशाळेत एकदा बघा ना!"

सहायिकेला बोलावलं. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मला आठवत नाही." सरकार खिडकीबाहेर बघत होते.

आता प्रश्न असा आला की वर जाऊन बघायचं का. मी नियम समजावून सांगितला. सरकारांचं उत्तर 'नाही' आहे. ज्यांचं 'नाही', त्यांच्या प्रयोगशाळेत धोक्याचं काही नसतं. धोक्याचं काही नसेल, तर धोक्याचा नमुना तिथून येणार कसा? अर्थात तो टाचणीकडेच तयार झाला. इतकं स्वच्छ तर्कशास्त्र मला बऱ्याच दिवसांनी सुचलं. वकीलबाईंनी टिपून घेतलं.

निकाल लागेपर्यंत टाचणीच्या ग्रीनहाऊसला कुलूप घालायचं ठरलं. किल्ली माझ्याकडे.

४ ऑक्टोबर

टाचणी रोज माझ्या खोलीसमोर येऊन उभी राहते. रोपांना पाणी घालायचं म्हणते. मी विचार करून शिपायाला बाहेरच्या नळानं पाणी सोडायला सांगितलं. बाकीचे ट्रे वाळले आहेत. तो एक जुना गहू मात्र अजून हिरवागार आहे, चिवट दिसतो. त्याला ओंब्याही आल्या आहेत. टाचणी काचेला नाक लावून त्याकडे बघते. काचेवर तिच्या श्वासाचा डाग पडतो, तो शिपायाला रोज पुसावा लागतो.

१५ ऑक्टोबर

हिनं टाचणीसाठी डबा दिला होता. तो मी परत आणला. चौकशी चालू असताना अध्यक्षाच्या घरचा डबा जाणं बरं दिसत नाही. हिनं डबा माझ्यासमोर उघडला आणि सगळं स्वतः खाल्लं. रागच आला. पण भांडणार कुणाशी?

६ नोव्हेंबर

निकाल. टाचणीकडचं सगळं नष्ट करायचं. पूड, माती, ट्रे, रोपं, बियाणं, सगळं. प्रबंधात धोक्याची माहिती असल्यामुळे तो स्वीकारायचा नाही, मोहोरबंद ठेवायचा.

टाचणीनं प्रबंधाबद्दल चकार शब्द काढला नाही, याचं मला नवल वाटलं. ती फक्त त्या ट्रेचं बोलत होती. "सर, बाकी सगळं जाळा. मला पदवी नको. पण ती रोपं जगलीत. हा तांबेरा कधी बाहेर पडलाच तर त्याच्यापुढे टिकणारं तेवढंच आहे. त्यांच्यावर रोग नाही, दाण्यावर काही नाही. धुऊन, तपासून, कुलपात ठेवा. माझ्याकडे नको, तुमच्याकडे ठेवा."

पशुवैद्य जागे झाले. म्हणाले, "साथीत जे जनावर जगतं, तेच तर आपण राखून ठेवतो. ते कशाला मारायचं?" वकीलबाई म्हणाल्या, "काका, ही जनावरं नाहीत." पुन्हा सगळे हसलो. म्हातारे ओशाळले आणि त्यांनी सही केली.

खरं सांगायचं तर क्षणभर मीही विचारात पडलो होतो. पण एक ट्रे वगळला असता, तर उद्या लोक म्हणाले असते, आपल्या विद्यार्थिनीला सूट दिली. कुलगुरूंचंही म्हणणं होतं की अहवालात 'सर्व' हा शब्द असलेला बरा. 'एक सोडून सर्व' वाचायला विचित्र वाटतं.

शेवटी मी टाचणीला विचारलं, "काही मागे राहिलंय का? सगळं म्हणजे सगळं हं."

९ नोव्हेंबर

आज विद्यापीठाच्या भट्टीत सगळं जाळलं. मी जातीनं हजर होतो. टाचणीही आली. बोलावलं नव्हतं. हिरवा ट्रे शिपायानं उचलला तेव्हा ओंब्या हलल्या. पिकत आल्या होत्या, रंगाला छान होत्या. ओलसर असल्यामुळे त्यांना जळायला वेळ लागला.

मग टाचणीनं पिशवीतून कागदाची पुडी काढली. "सर, हे पण. पेरून उरलेले मूठभर दाणे आहेत. घरी टेबलाच्या खणात होते. तुम्ही सगळं म्हणालात." आणि पुडी माझ्या हातात दिली.

मला भरून आलं. याला म्हणतात संस्कार! इतकी वर्षं शिकवल्याचं सार्थक झालं. मी पुडी स्वतःच्या हातानं भट्टीत टाकली. टाचणी म्हणाली, "येते सर," आणि भट्टीकडे न बघता गेली. धुरानं माझा कोट खराब झाला.

४ डिसेंबर

तपासणी उत्तम! मंडळाची माणसं खूष. आमचं प्रकरण आदर्श म्हणून इतर विद्यापीठांना दाखवणार आहेत. "स्वतःच्या विद्यार्थिनीलाही सोडलं नाही," हे वाक्य कुलगुरूंनी तीनदा उच्चारलं. मला स्मृतिचिन्ह मिळालं, काचेचं आहे, आत एक पान कोरलंय. सरकारांना नवीन प्रयोगशाळा मंजूर झाली. जेवताना त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं.

स्मृतिचिन्ह घरी दाखवलं. ही म्हणाली, "ठेवा तिकडे."

१८ जानेवारी

नव्या वर्षाची उत्तरं आली. सगळी 'नाही'. एकही 'हो' नाही! म्हणजे एका प्रकरणात सगळ्या विद्यापीठातला धोका संपला. एवढं यश मलाही अपेक्षित नव्हतं.

मध्यंतरी सूक्ष्मजीव विभागातली एक व्याख्याती दारात आली होती. चेहरा पडलेला, हातात कसलेसे फोटो. मी "या, बसा, काही सांगायचंय का?" म्हटलं. तिनं पाटीकडे बघितलं, मग टेबलावरच्या स्मृतिचिन्हाकडे. म्हणाली, "नाही सर, मी जिना चुकले." आणि गेली. बाई त्याच मजल्यावर कित्येक वर्षं काम करतात. वेंधळेपणा, दुसरं काय.

हिच्याकडून कळलं की टाचणी मोबाइलच्या दुकानात लागली आहे. प्रबंध नाही म्हणून संस्थेची जागा गेली. आणि ज्यांनी ज्यांनी चौकशी केली, त्यांना विद्यापीठानं 'सुरक्षिततेचं प्रकरण' असं कळवलं. ते मीच लिहिलं होतं. खोटं काय आहे त्यात?

११ फेब्रुवारी

सकाळी विद्यापीठाच्या प्रायोगिक शेताच्या बांधावरून फिरून आलो. दारात बूट काढले तर पांढऱ्या बुटांवर तांबूस पूड. विजारीवरही. ही म्हणाली, "हे काय लागलंय? निघत नाही." मी म्हटलं, माती असेल.

इथली माती काळी आहे. पण हिनं तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

१३ फेब्रुवारी

मुद्दाम शेताच्या आत जाऊन आलो. नेच्यांचा माणूस असलो तरी तांबेरा ओळखता येतो. पानाला बोट लावलं, बोट तांबूस झालं. शेत सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "कुठं काय, सर? मला काही दिसत नाही." त्याच्या सदऱ्याची बाही कोपरापर्यंत तांबूस झाली होती. "तुम्ही समितीतर्फे विचारताय का?" त्यानं घाबरून विचारलं. मी म्हटलं, नाही, सहज. तेव्हा त्याच्या जिवात जीव आला.

सरकार जिन्यात भेटले, त्यांच्या कानावर घातलं. म्हणाले, "एक पान पिवळं पडलं की धावत सुटणार का, महाराज? कुणी कळवलंय तुमच्याकडे?" कुणीच कळवलेलं नाही, हे खरं. मग समितीनं काय करायचं? नियमानं माझे हात बांधलेले आहेत. तरीही घरी जाताना शेताचा बांध टाळून लांबच्या वाटेनं गेलो.

२४ फेब्रुवारी

आवाराच्या भिंतीपलीकडची शेतंही गेली. बसच्या खिडकीतून दिसतं, गावामागून गाव तांबूस. जी बियाणं रोगाला दाद देत नाहीत म्हणून विकली जातात, तीसुद्धा. बाजारात गव्हाबद्दल आत्ताच कुजबूज सुरू झाली आहे.

कुलगुरूंचा फोन. आवाज खालचा. "ती मुलगी कोण हो, तुमची? तिच्याकडे तो जगलेला गहू होता ना? कुठं चार दाणे उरलेत का बघा. वरून फार दबाव आहे. गुपचूप बघा, समितीचं नाव नको."

२५ फेब्रुवारी

दुकानात गेलो. टाचणी कुणाच्या तरी फोनला काच चिकटवत होती. आणखी वाळली आहे. मला बघून उठून उभी राहिली, जुनी सवय. "सर, काकू कशा आहेत?"

मी सरळ मुद्द्यावर आलो. जुना गहू, थोडा तरी.

"नाही, सर."

"अगं, घरी एखाद्या डब्यात, कपड्यांत, कुठं तरी चार दाणे?"

"नाही, सर. पुडी तुमच्या हातात दिली ना मी."

"ती झाली. पण दुसरी? माणूस थोडं मागे ठेवतोच. मी काही म्हणणार नाही. कुणाला सांगणार नाही."

तिनं फोनवरची काच अंगठ्यानं दाबून बसवली, कडेची हवा काढली. "तुम्ही विचारलं होतंत, काही मागे राहिलंय का. जे राहिलं होतं, ते भट्टीपाशी तुम्हाला आणून दिलं, त्यानंतर खरंच काही उरलं नाही." मग हळूच म्हणाली, "बियाणं मला दिलं होतं त्या आजोबांच्या घरीही विचारून झालं. शेतावर तांबूस पूड पडायला लागली त्याच दिवशी गेले होते मी. आजोबा वारलेत, आणि त्यांच्या मुलानं कोठार साफ केलं. सगळीकडे विचारलंय, सर. कुठंच नाही."

गिऱ्हाईक तिच्या नावानं ओरडत होतं. ती तिकडे वळली. मी निघालो.

घरी आल्यापासून माझं डोकं तडतडतंय. एक पुडी! मूठभर दाणे! टेबलाच्या खणात होते, तिथंच राहू द्यायचे. मी काय तिच्या घरी जाऊन खण उघडणार होतो? आज ती पुडी असती तर कुलगुरू सुटले असते, मी सुटलो असतो, केवढी माणसं सुटली असती. पण नाही. त्या मेलीला सगळं म्हणजे सगळंच आणून द्यायचं होतं! प्रामाणिकपणालाही काही मर्यादा असते. हे तिला वेळेवर कुणीतरी शिकवायला हवं होतं.